नावावर जमीन नसलेला शेतकरी : न्यायाधीश दलीपसिंग सौंद



मोठ्या पदावर गेलेल्या माणसाची ओळख करून देताना आपण बहुधा शेवटच सांगतो. अमका खासदार झाला, तमका मंत्री झाला, त्याच्या नावाने रस्ता झाला. मधली पंचवीस-तीस वर्षे दोन ओळींत उरकतो. पण खरे शिकण्यासारखे असते ते त्या मधल्या वर्षांतच. म्हणून आज दलीपसिंग सौंद यांची ओळख आपण जरा वेगळ्या तऱ्हेने करून घेऊ.

१९५६ साली अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेले ते पहिले भारतीय. केवळ भारतीयच नव्हे, आशिया खंडात जन्मलेला कोणीही माणूस त्याआधी त्या सभागृहाचा मतदान करणारा सदस्य झाला नव्हता. एवढे सांगून हा मान बाजूला ठेवू. आपल्याला पाहायचा आहे तो वेस्टमोरलंड नावाच्या हजार-दीड हजार वस्तीच्या गावातला माणूस. उन्हात शेती करणारा, पुढे खताचा धंदा चालवणारा आणि गावच्या छोट्या कोर्टात न्यायदान करणारा.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. सौंद आपल्यासारख्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेले नव्हते. त्यांचे घर पंजाबातले खाऊन-पिऊन सुखी घर होते. अस्पृश्यतेचा चटका त्यांना बसलेला नव्हता. पण परक्या देशात गेल्यावर मात्र, केवळ जन्मामुळे माणसाच्या तोंडावर दार कसे लावले जाते, हे त्यांनी पंचवीस वर्षे सोसले. त्या दारापुढे ते कसे उभे राहिले, ते आपण पाहू.

अमृतसरहून बर्कलीला

दलीपसिंग यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या गावी झाला. वडील नाथासिंग कंत्राटदार होते. आई-वडील दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. पण आपल्याला मिळाले नाही ते मुलांना मिळावे म्हणून वडिलांनी आणि चुलत्यांनी गावात एका खोलीची शाळा सुरू केली. मुलगा दहा वर्षांचा असताना वडील वारले, तरी शिक्षण थांबले नाही. १९१९ साली पंजाब विद्यापीठातून ते गणित घेऊन बी. ए. झाले.

१९२० साली त्यांनी अमेरिका गाठली. ज्या देशात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे दलीपसिंग विद्यार्थी म्हणून दाखल झाले. फळे डबाबंद करण्याची विद्या शिकून मायदेशी कारखाना काढावा, हा त्यांचा पहिला विचार. नंतर मन पुन्हा गणिताकडे वळले. स्टॉक्टनच्या शीख गुरुद्वाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात राहायचे आणि सुट्टीत डबाबंद फळांच्या कारखान्यात मजुरी करायची, असा क्रम होता. १९२२ साली एम. ए. आणि १९२४ साली पीएच. डी.

गणितातील पीएच. डी.! आपल्याकडच्या कोणत्याही आईने पेढे वाटले असते. पण पुढे काय झाले?

पीएच. डी. झालेला मुकादम

पुढे नोकरी मिळाली नाही. परदेशी, त्यातून सावळ्या रंगाच्या माणसाला महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून कोण घेणार? तेव्हा १९२५ च्या उन्हाळ्यात डॉक्टर सौंद कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या इंपिरियल व्हॅलीत गेले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादम झाले.

हे खोरे म्हणजे मुळात वाळवंट. समुद्रसपाटीपेक्षाही खोल. १९०१ सालापासून कोलोराडो नदीचे पाणी कालव्याने आणले गेले आणि वाळूत सोने पिकू लागले. पण उन्हाळा असा, की आपल्या विदर्भातला मे महिना आठवावा. तेथे राबायला मजूर लागत. मेक्सिकन होते, जपानी होते, फिलिपिनो होते आणि आपले पंजाबीही होते.

काही वर्षांनी सौंद स्वतः शेती करू लागले. १९३० साली त्यांनी लेट्यूस नावाची सलाडची पालेभाजी लावली. पुढे लसूणघास, साखरबीट अशी पिके घेतली. तिकडे अशा मोठ्या शेतमळ्याला 'रँच' म्हणतात आणि मालकाला रँचर. लोक त्यांना रँचर म्हणत. पण खरे मालक ते नव्हते, होऊही शकत नव्हते.

सातबाऱ्यावर नाव नाही

जमीन कसायची, पण सातबाऱ्यावर नाव नाही, ही व्यथा आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कॅलिफोर्नियाने १९१३ साली कायदा केला, की ज्या परदेशी माणसाला नागरिकत्व मिळण्याचा हक्कच नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. १९२० साली पळवाटा बुजवल्या. खंडाने जमीन घेण्याचीही बंदी झाली. कायद्यात कोणत्याही देशाचे नाव लिहिलेले नव्हते. पण 'ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही' म्हणजे आशियाई, हे सर्वांना ठाऊक होते. नियमात जातीचे नाव न लिहिताही जात पाळता येते, याचा हा अमेरिकन नमुना!

मग लोक काय करीत? ओळखीच्या एखाद्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन घेत. काही जण तेथेच जन्मलेल्या, म्हणून जन्मानेच नागरिक असलेल्या आपल्या लहान मुलांच्या नावावर घेत. घाम आपला, नाव दुसऱ्याचे. ज्याच्या नावावर जमीन त्याची नियत फिरली तर कोर्टात जायची सोय नाही.

लग्नाचेही तसेच. गोऱ्या माणसाने बिगरगोऱ्याशी लग्न करू नये असा कायदा त्या राज्यात होता, आणि दाखला द्यायचा की नाही हे कचेरीतला कारकून कातडीचा रंग पाहून ठरवी. त्या खोऱ्यातील अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. दलीपसिंग यांनी १९२८ साली मेरियन कोसा या चेक वंशाच्या तरुणीशी विवाह केला. नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही काढून घ्यावे, असा कायदा त्या वेळी होता! १९३१ पर्यंत ही तरतूद टिकली. अशा काळात मेरियनने त्यांचा हात धरला आणि पुढे शेवटपर्यंत साथ दिली. एक मुलगा आणि दोन मुली असा त्यांचा संसार झाला.

'आम्हीही उच्चच आहोत' ही वाट

हे दार उघडायचे कसे? या प्रश्नावर एक वाट आधीच चालून पाहिली गेली होती. ती आपण नीट समजून घेतली पाहिजे.

भगतसिंग थिंद हेही अमृतसर जिल्ह्यातलेच. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितले. कायदा म्हणत होता, नागरिकत्व 'गोऱ्या' माणसाला किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसालाच. तेव्हा थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला, की उत्तर हिंदुस्थानातला उच्च जातीचा माणूस आर्य वंशाचा, म्हणून गोराच. (तेव्हा अमेरिकेत कोणत्याही धर्माच्या भारतीयाला 'हिंदू' म्हणत, कोर्टाच्या कागदावर थिंद यांचे वर्णन 'उच्च जातीचा हिंदू' असेच झाले.) लेखी म्हणण्यात आणखी एक गोष्ट घातली होती. लग्नसंबंधांच्या बाबतीत अमेरिकेतला गोरा माणूस निग्रोंपासून जसा दूर राहतो, तसाच उच्च जातीचा हिंदू आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांपासून दूर राहतो, असे त्यात म्हटले होते. म्हणजे, आम्हीही माणसाला माणसापासून तोडण्यात तुमच्याइतकेच पटाईत आहोत, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या!

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वंशशास्त्राची पुस्तके काहीही म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि तुम्ही त्यात बसत नाही. जातीचा दाखला सातासमुद्रापार चालला नाही. उलट, ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगई यांनी त्या दुःखात १९२८ साली आपले जीवन संपवले.

बंधू-भगिनींनो, या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहा. गोऱ्यांनी जे केले तो अन्याय होता, यात शंका नाही. पण अन्यायातून सुटण्यासाठी निवडलेली वाट कशी होती? आपल्या खाली कोणीतरी आहे हे दाखवून वर चढण्याची ती वाट होती. अशा वाटेने हक्क मिळत नाहीत. मिळाले तरी एकट्याला मिळतात, आणि खालच्याच्या पाठीवर पाय देऊन मिळतात.

कर्ज फेडणारा माणूस

निकाल लागला तेव्हा सौंद विद्यार्थी होते. पुढची तेवीस वर्षे त्यांनी हा निकाल डोक्यावर घेऊन काढली. मंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळले. आसपासचे कितीतरी शेतकरी नादारी घेऊन मोकळे झाले. कायद्याने ती सोय होतीच आणि ती घेण्यात गुन्हा काही नव्हता. पण सौंद यांनी नादारी घेतली नाही. बियाणेवाला, खतवाला, दुकानदार, ज्याचे-ज्याचे देणे होते ते हळूहळू सर्व फेडले. त्याला काही वर्षे लागली.

लहान गावात अशी गोष्ट लपून राहत नाही. नागरिकत्व नसलेल्या या माणसाचा शब्द बाजारपेठेत चालू लागला. पुढे मते मागायला ते दारोदार गेले तेव्हा हीच पत त्यांच्या कामी आली.

दिवसा शेत आणि संध्याकाळी भाषण, असाही त्यांचा क्रम होता. चर्च असो, क्लब असो, कोणी बोलावले की भारताविषयी बोलायला ते जात. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाला उत्तर म्हणून त्यांनी १९३० साली 'माय मदर इंडिया' हे पुस्तक लिहिले. शेतावर राबून आलेल्या माणसाने चारचौघांत उभे राहून बोलण्याची ही सवय जपली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एकट्याने नव्हे, संघटनेने

१९४२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील भारतीयांनी 'इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका' ही संस्था उभारली. सौंद तिचे पहिले अध्यक्ष झाले. मागणी एकच : भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क देणारा कायदा करा. तिकडे न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची 'इंडिया लीग ऑफ अमेरिका' हेच काम करीत होती. वर्गणी काढणे, पत्रे लिहिणे, खासदारांना भेटणे, पुन्हा पत्रे लिहिणे. कंटाळवाणे काम. त्यात टाळ्या नाहीत, हार-तुरे नाहीत.

२ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीय व फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. नव्याने येणाऱ्या भारतीयांसाठी मात्र वर्षाला फक्त शंभर जागा! एवढ्या मोठ्या देशातून शंभर. हक्क दिला, पण चमच्याने दिला. जपानी लोकांना तर त्यासाठी १९५२ पर्यंत थांबावे लागले. तरीही दार किलकिले झाले होते. १६ डिसेंबर १९४९ रोजी, अमेरिकेत पाऊल टाकल्यानंतर एकोणतीस वर्षांनी, दलीपसिंग सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. वय पन्नास.

पन्नाशीत आपण म्हणतो, आता मुलांचे बघू. सौंद यांनी निवडणुकीचा अर्ज भरला!

गावचा न्यायाधीश

१९५० साली वेस्टमोरलंडच्या जस्टिस कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी ते उभे राहिले. तेथे हे पद मतदानाने भरत. कोर्ट लहान, खटले लहान. मारामारी, दारू पिऊन दंगा, गाडी बेफाम हाकणे, शे-दोनशेच्या देण्याघेण्याचे तंटे. सौंद निवडून आले. पण निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला एक वर्ष पूर्ण झालेले नव्हते, या कारणावरून त्यांना खुर्चीवर बसू दिले नाही.

दोन वर्षांनी, १९५२ साली, ते पुन्हा उभे राहिले. या वेळी प्रचारात एकाने चारचौघांत टोमणा मारला, की तुम्ही न्यायाधीश झालात तर आम्हाला पगड्या तुम्ही पुरवणार की आमच्या आम्हालाच विकत घ्यायला लावणार? सौंद चिडले नाहीत. माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे ते मी पाहतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी टोमणा मारणाऱ्यावरच हशा पिकवला. ते पुन्हा निवडून आले आणि १९५३ च्या सुरुवातीला खुर्चीवर बसले.

वेस्टमोरलंडमध्ये तेव्हा जुगाराचे अड्डे होते, वेश्यावस्ती होती. मजुरांची आठवड्याची कमाई तेथे रिकामी होई. न्यायाधीश सौंद यांनी कडक शिक्षा देऊन हे धंदे मोडून काढले. ज्या घरची चूल मजुरीवर पेटते, त्या घरातल्या बाईला अड्डा बंद होण्याचे मोल सांगावे लागत नाही.

त्याच १९५३ सालापासून त्यांनी गावात रासायनिक खतांच्या विक्रीचा धंदा सुरू केला. शेतकऱ्यांच्या अडचणी त्यांना कागदावरून शिकाव्या लागल्या नाहीत. गिऱ्हाईकच दुकानात येऊन सांगत. पोलिओग्रस्त मुलांसाठी निधी जमवण्याच्या मोहिमेत जिल्ह्याची जबाबदारी त्यांनी घेतली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जिल्हा समितीवर ते सदस्य म्हणून गेले आणि १९५४ साली तिचे अध्यक्ष झाले. लोक आता त्यांना 'जज सौंद' म्हणूनच ओळखू लागले.

त्यानंतरचे थोडक्यात

१९५६ साली रिव्हरसाइड आणि इंपिरियल या दोन जिल्ह्यांच्या मतदारसंघातून ते संसदेसाठी उभे राहिले. पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याने नागरिकत्वाची सात वर्षे भरत नाहीत म्हणून कोर्टात धाव घेतली, पण ते टिकले नाही. समोर रिपब्लिकन उमेदवार होत्या जगप्रसिद्ध वैमानिक जॅकलिन कॉक्रन, पैशाने आणि नावाने भारी. सौंद यांच्या घरची माणसे दारोदार फिरली. साडेतीन हजारांच्या आतबाहेर मताधिक्याने गावचा न्यायाधीश जिंकला.

त्यांना परराष्ट्र व्यवहार समितीवर घेतले. १९५७ साली ते भारतात येऊन आपल्या गावाला भेट देऊन गेले. त्याच वर्षी काळ्या लोकांच्या मतदान हक्काला संरक्षण देणारा नागरी हक्क कायदा आला. त्यांनी त्याच्या बाजूने उभे राहणे पसंत केले. जो स्वतः दाराबाहेर उभा राहिला होता, त्याने आत गेल्यावर दार लावून घेतले नाही. १९५८ आणि १९६० साली ते पुन्हा निवडून आले. मे १९६२ मध्ये विमानात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, त्या वर्षीची निवडणूक हरली. २२ एप्रिल १९७३ रोजी ते निवर्तले. पुढे २००५ साली कॅलिफोर्नियातील टेमेक्युला गावच्या टपाल कचेरीला त्यांचे नाव देण्यात आले.

आपण यातून काय घ्यायचे?

कोणी म्हणेल, पाहा, माणूस हुशार आणि मेहनती असला की सर्व मिळते. कायदे आणि सवलती कशाला हव्यात? सौंद यांचे आयुष्य याच्या नेमके उलटे सांगते. हुशारी १९२४ सालीच सिद्ध झाली होती. मेहनत १९२५ पासून चालू होती. प्रामाणिकपणा मंदीत कसाला लागला होता. तरी १९४९ पर्यंत त्यांना मत नव्हते, नावावर जमीन नव्हती. गुण होते, पण दार बंद होते. दार उघडले ते कायद्याने, आणि कायदा आला तो संघटनेने. बाबासाहेबांनी राज्यघटनेत आपले हक्क शब्दांत लिहून ठेवण्याचा एवढा आग्रह का धरला, हे यावरून कळते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. दार उघडले तेव्हा आत जायला सौंद तयार होते. भाषणाची सवय होती, बाजारात पत होती, घर बरोबर होते. १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत आपल्या समाजाच्या आणि स्त्रियांच्या राखीव जागा घटनेनेच बांधून दिल्या. दार उघडे आहे. प्रश्न असा, की आत जाणारा माणूस आपल्या वस्तीने घडवला आहे का? की ऐन वेळी दुसऱ्याच कोणाच्या सोयीचा माणूस त्या खुर्चीवर बसवला जातो?

गल्लीतले किराणा दुकान चालवणारा, बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी, रेशनच्या कचेरीत दुसऱ्याचे अर्ज भरून देणारा, अशी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना आपण 'साधी माणसे' म्हणून सोडून देतो आणि नेता बाहेरून शोधतो. त्यांच्याकडे जरा नीट पाहा. त्यांना वाचायला द्या, चारचौघांत बोलायला लावा, घरात बायकामुलांसमोर त्यांचे नाव आदराने घ्या. पुढच्या निवडणुकीत उमेदवारीची चर्चा निघेल तेव्हा पहिले नाव त्यांचे घ्या.

जयभीम!